साहेबासाठी सारवलेलं वावर

आमचं गाव घाटाखाली. बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला कुठला म्हणून विचारलं, तर तो आधी घाटावरचा की घाटाखालचा ते सांगतो आणि गावाचं नाव मागाहून. घाटावर थंड हवा, साहेबांचे बंगले आणि जिल्ह्याची कचेरी. घाटाखाली काळी जमीन, ऊन आणि आम्ही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. आमच्या गावातून निघालेला कागद आधी तालुक्याला जायचा, मग घाट चढायचा आणि वरच्या साहेबाला शंका आलीच तर नागपूरची वाट धरायचा. परत आलाच तर त्याच्यावर इतके शिक्के असायचे की आपलाच आहे की दुसऱ्याचा हे ओळखू येत नसे.

आमच्या घराने असा एक कागद बंदुकीच्या लायसनसाठी वर पाठवला होता. ती बंदूक आमच्या घरात कधीच आली नाही हे आधीच सांगून टाकतो. उगाच कोणी आशा लावून वाचायला नको. आम्ही लावली होती तेवढी पुरे झाली.

आमची दोन वावरं होती. एक गावाला लागून, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस. दुसरं नाल्यापलीकडे, राखीव जंगलाच्या कडेला. तिथली जमीन हलकी, पऱ्हाटी तिथे गुडघ्याच्या वर जात नसे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी. घरातली वर्षभराची भाकर त्या वावरातून यायची. कणसात दाणा भरायला लागला की जंगलातून रानडुकरं उतरायची. डुक्कर ज्वारी खातं त्यापेक्षा पाडतं जास्त. आडवं घुसतं, ताटं मोडतं, दोन कणसं चघळतं आणि पुढच्या ओळीत जातं. मागे वरवंटा फिरवल्यासारखी जमीन उरते.

म्हणून जागल. दाणा भरल्यापासून खळं होईपर्यंत माझा थोरला भाऊ, दादा, रोज दिवे लागायच्या आत जेवून वावरात जायचा आणि उजाडल्यावर परत यायचा. चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, वर पाल्याचं छप्पर, जवळ गोफण, दगडांचा ढीग आणि वाजवायला रॉकेलचं रिकामं डबडं. डुकरांना सुरुवातीला डबड्याची भीती वाटायची. नंतर त्यांनाही कळलं की हे नुसतंच वाजतं. मग दादाला खाली उतरून, आरडाओरड करत, हातात पेटता टेंभा घेऊन त्यांच्या अंगावर जावं लागायचं.

बांधाला बांध लागून असलेला, धुऱ्यापलीकडचा आमचा शेजारी असाच उतरला होता. डुकराने त्याच्या पोटात सुळा घातला. सकाळी त्याला बैलगाडीत घालून आणलं तेव्हा मी गावातच होतो. गाडी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचली नाही, अर्ध्या वाटेवरून परत फिरली. त्या दिवशी आईने चुलीपुढे बसून वडिलांना एवढंच सांगितलं, "माह्या पोराले माळ्यावरून खाली उतरवा. नाही तं त्याच्या हाती बंदूक द्या. तिसरं काही मले सांगू नका."

तिसरं काही नव्हतंच. वडिलांना दिवस मावळला की दिसत नसे. मी शेजारच्या गावी शाळेत मास्तर होतो आणि आठवड्याला घरी यायचो. वावर सोडून द्यायचं म्हणजे भाकर विकत आणायची, आणि हा विचार आमच्या घरात कोणी तोंडाने काढला नसता. गावात एकच बंदूक होती, पाटलांची. पाटील एकदा आमच्या वावरात येऊन दोन बार काढून गेले, तर पुढचे कितीतरी दिवस डुकरांनी तिकडे तोंड दाखवलं नाही. पण लायसन पाटलांच्या नावाचं. दुसऱ्याच्या हाती बंदूक दिली तर पाटीलकीवर गदा यायची. ते म्हणाले, "तुमीच काऊन काढत नाही लायसन? पिकाच्या राखणीसाठी सरकार देते." ते ऐकून आईच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो मला आजही आठवतो आणि आजही त्याचा त्रास होतो.

घरात लिहिता-वाचता मी एकटा, त्यामुळे कचेरीचं काम माझ्याकडे आलं. शिकल्याचा आमच्याकडे हा एक तोटा. तालुक्याच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली अर्जनवीस बसायचे. त्यांतल्या एकाने दादाच्या नावाने अर्ज लिहून दिला. जागल दादा करतो तर बंदूकही दादाच्या नावावर हवी, हे उघड होतं. मी अर्ज आत नेऊन दिला. आतला कारकून म्हणाला, ठेवा. मी ठेवला. त्या "ठेवा" शब्दात किती अर्थ भरलेला असतो हे मला पुढे कळलं.

पुढच्या खेपेला कारकून म्हणाला, पोलिसांकडे चौकशीला गेलाय. त्याच्या पुढच्या खेपेला कळलं की गेला नव्हता, आता जाईल. नंतर कारकूनच बदलून गेला आणि नव्याने विचारलं, कसला अर्ज? शनिवारी शाळा सुटली की मी विहिरीवर पाणी काढायला जावं तसा कचेरीत जायचो आणि रिकामी बादली घेऊन घरी यायचो. आई दारातच उभी असायची. ती विचारत नसे, फक्त माझ्याकडे पाहायची. मी म्हणायचो, "होऊन राह्यलं, माय." एक अख्खा हंगाम त्या वाक्यावर निघाला. दादा माळ्यावरच होता.

अखेर ठाणेदार गावात आले. त्यांनी पाटलांच्या ओसरीवर बसून वडिलांना बोलावलं. आमच्या घरी कोणावर खटला आहे का, कोणाशी वैर आहे का, बंदूक ठेवायला कुलपाची पेटी आहे का, सगळं विचारलं. दिवस चळवळीचे होते, पांढरी टोपी दिसली की पोलिसांच्या कपाळावर आठी यायची. त्यांनी विचारलं, "घरातलं कोणी सभेला जातं?"

"जातो ना," वडील म्हणाले, "दर एकादशीले. देवळात भजन असते."

ठाणेदारांनी वडिलांना पुन्हा नीट निरखून पाहिलं आणि काही न लिहिता पान उलटलं. मी मागे उभा होतो. मला हसू येत होतं आणि रडूही. पोलिसांकडून मात्र चांगला शेरा गेला, हे मला तालुक्याच्या चपराशाने सांगितलं. आता फक्त महसुलाकडून पीक-नुकसानीची पाहणी राहिली, म्हणाला. सर्कल साहेब वावर पाहून लिहून देतील की झालं.

त्या साली ज्वारी खरोखर चांगली आली होती आणि डुकरंही त्याच मानाने आली. नाताळाची सुट्टी म्हणून मी घरी होतो. सर्कल साहेब उद्या येणार असा कोतवालाने निरोप दिला, त्याच्या आदल्याच रात्री जंगलाकडच्या बाजूने कळप घुसून धुऱ्यालगतचा पट्टा भुईसपाट करून गेला होता. सकाळी मी जाऊन पाहिलं. मोडलेली ताटं, नांगर फिरवल्यासारखी उकरलेली जमीन, काट्याच्या कुंपणाला बैल शिरेल एवढं खिंडार. मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. म्हटलं, चला, डुकरांनी तरी वेळेवर काम केलं. दादा धुऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. रात्रभर ओरडून त्याचा घसा बसला होता. तोही म्हणाला, "आता साहेबाले सांगाचीबी गरज नाही. वावरच सांगते."

दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनी मला गाडी जुंपून सडकेवर पाठवलं, साहेबांना आणायला. साहेब सकाळी यायचे ते तिसऱ्या प्रहरी आले. तोवर मी बाभळीखाली बसून होतो. त्यांना गाडीत बसवून नाल्याच्या वाटेला लागलो तेव्हा पहिली शंका आली ती वाटेमुळे. वाट झाडलेली होती. खरोखर खराट्याने झाडलेली. पुढे वावराच्या तोंडाशी आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या. वडील धुवट धोतर नेसून, लग्नाकार्यातलं पागोटं घालून हात जोडून उभे. बाजूला आगटी पेटलेली, हुरड्याचा वास सुटलेला. घोंगडीवर पांढरी चादर, चादरीवर तिळाची चटणी, दही, गूळ.

आणि वावर? वावर सारवल्यासारखं होतं. वडिलांनी घरातली माणसं, शेजारीपाजारी, रोजाच्या बाया, सगळ्यांना लावून एकेक मोडकं ताट उपटून नाल्यात टाकलं होतं. उकरलेली जमीन बुजवून सारखी केली होती. खिंडारात नव्या बोराट्या रोवून कुंपण इतकं सुरेख केलं होतं की डुकरालाही लाज वाटावी. धुऱ्यालगतचा पट्टा तळहातासारखा मोकळा.

मी दादाकडे पाहिलं. तो मान खाली घालून कणसं भाजत होता. मी वडिलांना बाजूला घेतलं आणि दात ओठ खात विचारलं, "बाबा, हे काय केलं तुम्ही?"

त्यांना माझा राग कळलाच नाही. "काय केलं म्हणजे? घरी एवढा मोठा पावना येऊन राह्यला अन् त्याले उकरलेलं वावर दाखवू का मी? लोकं काय म्हणतीन?"

आमच्याकडे ही रीतच होती, ती काही वडिलांनी काढलेली नव्हती. उभ्या पिकाला नावं ठेवायची नाहीत. ज्वारी खळ्यात येईपर्यंत ती लक्ष्मी, तिच्यासमोर कमी आलं, वाईट आलं असं बोलायचं नाही. आणि दारी आलेल्या माणसापुढे आपलं रडगाणं गायचं नाही. कोणी कसं काय म्हणून विचारलं तर सगळं बेस म्हणायचं, मग घरात काहीही चालू असो. वडील आयुष्यभर असेच वागले आणि त्यामुळे गावात त्यांना मान होता. सरकारी पाहणी म्हणजे पाहुणचार नव्हे, हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं. सांगणारा मी बाभळीखाली साहेबांची वाट पाहत होतो.

साहेबांनी पोटभर हुरडा खाल्ला. बोटं पुसून कागद काढला आणि विचारलं, "हं. नुकसान कुठे आहे?"

"हाय ना साहेब," वडील म्हणाले, "पण चालते तेवढं. जनावराच्या नशिबाचं जनावर खाते. तुमच्या किरपेनं सगयं बेस हाय."

मी मध्ये पडलो. साहेबांना धुऱ्याकडे नेलं. म्हणालो, "परवापर्यंत इथे ज्वारी उभी होती. डुकरांनी पाडली." साहेबांनी त्या स्वच्छ, सपाट पट्ट्याकडे पाहिलं, नव्या कुंपणाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे टाकतो. ते सौजन्याने म्हणाले, "इथे पेरणी राहून गेली असेल, मास्तर." मागून वडील घाईघाईने आले. वावराचा एक तुकडा पेरायचा राहिला हा ठपका त्यांना सोसवेना. ते म्हणाले, "पेरलं होतं साहेब, पेरलं होतं, पण ते जाऊ द्या. तिकडचं पाहा, तिकडे कणूस पाहा कसं हाय." आणि साहेबांना हाताला धरून वावराच्या मधोमध, जिथे ताटं डोक्याच्या वर गेली होती, तिथे घेऊन गेले.

परत जाताना साहेबांच्या मांडीवर हुरड्याचं गाठोडं होतं. ते खुशीत होते. म्हणाले, या दौऱ्यात असं पीक आपण पाहिलं नाही, तुमचे वडील भले माणूस आहेत. मी बैलांच्या शेपट्या पिळत राहिलो. माझ्या तोंडून चांगलं काही निघालं नसतं.

अर्ज नामंजूर होऊन आला तो पुढच्या पावसाळ्यात. पीक उत्तम, कुंपण मजबूत, नुकसान आढळले नाही, सबब बंदुकीची गरज दिसत नाही. मी वाचून दाखवलं. ओसरीवर वडील, दादा, दाराआड आई. मी मुद्दाम प्रत्येक शब्द ठासून वाचला, कारण मला वडिलांना लागावंसं वाटत होतं. लागलं. ते बराच वेळ पागोट्याची गाठ सोडत आणि बांधत बसले. मग म्हणाले, "त्या माणसानं माहा हुरडा खाल्ला." एवढंच. जणू हुरडा खाल्लेला माणूस असं लिहील हे त्यांना समजतच नव्हतं. आई आत निघून गेली आणि त्या दिवशी तिने वडिलांना वाढलं नाही, दादाने वाढलं.

मी पुन्हा अर्ज केला. फेरपाहणी व्हावी म्हणून. पुन्हा कडुनिंब, पुन्हा ठेवा. त्या हंगामात वडिलांनी ठरवलं की आता काही झाकायचं नाही. पहिल्यांदा डुकरं घुसली तेव्हा त्यांनी पाडलेल्या ज्वारीला कोणाला हात लावू दिला नाही. मोडक्या ताटांची कणसं वेचून घेतली असती तर निदान जनावरांना झाली असती, पण नाही, साहेब पाहतील. रोज सकाळी ते काठी टेकत जायचे आणि नुकसान नीट आहे की नाही ते पाहून यायचे. कोणाची गाय शिरू नये म्हणून त्या मोडक्या पट्ट्याला त्यांनी राखण ठेवली. जुने सर्कल साहेब बदलून गेले होते. नवे येणार होते, ते आले नाहीत. पडलेली ज्वारी जागेवर कुजली. तिच्या वासाने डुकरं आणखी जास्त यायला लागली असं दादा म्हणायचा. खरं असेल.

आणि त्याच हंगामाच्या अखेरीला, दहा-पंधरा दिवसांत कापणी सुरू व्हायची तेव्हा, एका सकाळी दादा वेळेवर घरी आला नाही. आई दारात उभी होती. मी शाळेच्या गावी होतो, मला हे नंतर कळलं. दादा उशिरा आला, आपल्या पायाने आला, पण उजवा हात धोतराच्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला होता आणि फडकं काळं पडलं होतं. मादी होती म्हणे, पिलं बरोबर असलेली. टेंभ्याला भ्याली नाही. दादाने तोंड वाचवायला हात आडवा धरला आणि तिने कोपरापासून मनगटापर्यंत फाडला.

जीव वाचला. तालुक्याच्या डॉक्टरने टाके घातले, जखम भरली. पण आतले स्नायू तुटले ते तुटले. उजव्या हाताची बोटं दादाला मिटता येईनात. अंगठा तेवढा हलायचा. आई भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या डाव्या हातात द्यायची आणि तो लहान मुलासारखा खायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मागच्या दारी जाऊन रडलो. मला कचेरीचा राग आला, डुकराचा आला, वडिलांचा आला. कोणावर काढावा हे कळेना म्हणून शाळेत जाऊन पोरांवर काढला.

गंमत अशी की पुढचा हंगाम आला तेव्हा त्या दुसऱ्या अर्जावर घाटावरून बोलावणं आलं. लायसनसाठी अर्जदाराने स्वतः साहेबापुढे हजर व्हावं. चपराशी म्हणाला, आता काम झालं समजा, नामंजूर करायचं असतं तर बोलावलं कशाला असतं. आम्ही बैलगाडीने निघालो, वडील, दादा आणि मी. घाटाची वळणं चढताना वडील सारखं बोलत होते. "या टायमाले काही झाकाचं नाही. सगयं सांगाचं. हात दाखवाचा. त्याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता?" त्यांना खरंच आशा वाटत होती. मलाही. इतके हेलपाटे होऊनही माणसाला आशा वाटते, हा त्याचा दोष म्हणायचा की काय, मला माहीत नाही.

वरचा साहेब देशीच होता, हिंदी बोलणारा, वयाने माझ्याएवढा. चांगला माणूस होता. त्याने आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं. आणि माझे वडील, ज्यांनी जन्मात परक्यापुढे कमीपणाचा शब्द काढला नव्हता, ते बोलायला लागले. शेजारी कसा मेला ते सांगितलं. ज्वारी कशी कुजली ते सांगितलं. मागच्या साहेबासाठी आपण वावर कसं झाडून काढलं तेही सांगितलं, हात जोडून. मग दादाकडे वळून म्हणाले, "दाखव बे. साहेबाले हात दाखव. लाजू नको."

दादाने बाही वर केली. साहेब उठून जवळ आला, हात स्वतःच्या हातात घेऊन पाहिला. त्याला वाईट वाटलं हे मी शपथेवर सांगतो. तो खुर्चीवर जाऊन बसला. मग टेबलावरचा लाकडी रूळ उचलून त्याने दादापुढे धरला आणि म्हणाला, ही बंदूक समजा, घोड्यावर बोट ठेवून दाखवा.

दादाने रूळ डाव्या हाताने घेतला आणि उजव्यात ठेवला. बोटं मिटली नाहीत. त्याने अंगठ्याने दाबून धरायचा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. रूळ घरंगळला आणि फरशीवर पडला. चपराशाने उचलून परत टेबलावर ठेवला.

साहेब म्हणाला, ज्याच्या हातात बंदूक राहत नाही त्याला ती दिली, तर उद्या दुसऱ्या कोणाचा तरी जीव जाईल. कायद्याने मला देता येत नाही. त्याचं चुकीचं नव्हतं. मला रागवायला जागा सापडेना, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

वडील म्हणाले, "मंग धाकट्याच्या नावानं द्या."

बाजूला बसलेल्या रीडरने, म्हणजे साहेबाच्या पेशकाराने, कागद चाळून सांगितलं की धाकटा मास्तर आहे, परगावी राहतो, जागल करत नाही. पिकाचं लायसन राखण करणाऱ्यालाच मिळतं. तुमच्या स्वतःच्या नावाने म्हणाल तर दिवस मावळल्यावर दिसत नाही असं पोलिसांनीच लिहिलंय. दुसरा कोणी माणूस ठेवत असाल तर त्याच्या नावाने नवा अर्ज करा. खालून येऊ द्या.

खालून म्हणजे कडुनिंबापासून. मी ते वडिलांना समजावून सांगितलं नाही. त्यांना समजलं होतं.

आम्ही घाट उतरायला लागलो. उताराला बैल आपसूक चालत होते, मी नुसता कासरा धरून होतो. खालच्या रानात ज्वारी दाण्यावर आली होती. आमच्या वावरातही आली होती. हात असा झाल्यापासून दादाच्या ऐवजी सालाने ठेवलेला एक म्हातारा सालदार जागलीला जायचा, पण तो दोन दिवसांपूर्वी तापाने पडला होता. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, सकाळपासून कोणी तोंडातून काढलं नव्हतं.

नाल्याजवळ गाडी आली तेव्हा दिवस बुडत होता. दादा म्हणाला, "थांबव." मी थांबवलं. तो खाली उतरला.

"आज राहू दे गा," वडील म्हणाले. "घरी चाल. माय वाट पाहत असंन."

"आज राहू देल्ल्यानं डुकरं राहतीन का, बाबा?"

तो धुऱ्याने चालत माळ्यापाशी गेला. वडील त्याच्या मागे गेले, मीही गेलो. माळ्याला शिडी नव्हती, दोन आडव्या बल्ल्यांवर पाय देऊन आणि वरची बल्ली दोन्ही हातांनी धरून अंग वर खेचायचं. दादा इतकी वर्षं तसाच चढायचा. त्याने डाव्या हाताने बल्ली धरली, उजवा हात वर नेला, तो घसरला. पुन्हा नेला, पुन्हा घसरला. मी पुढे होणार तेवढ्यात वडील माळ्याखाली गेले. त्यांनी पागोटं काढून माझ्याजवळ दिलं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि वाकून उभे राहिले.

"ठेव पाय," ते म्हणाले.

"बाबा, नका करू."

"ठेव म्हणतो ना. मले आता दिसत नाही, लवकर ठेव."

दादाने त्यांच्या पाठीवर पाय ठेवला. वडील सरळ होत गेले आणि दादा वर माळ्यावर गेला. मी खालून त्याच्या डाव्या हातात डबडं दिलं.